छोट्या खाऱ्या टाकीचं पाणी सारखं बिघडतंय? नवा फिल्टर घेण्याआधी हे तपासा

"दाजी, फिल्टर लहान पडतोय बहुतेक. पुढचा साइज घेऊन टाकू का?"

मेहुण्याचा हा फोन मला दीड वर्षात तीनदा आला. तिन्ही वेळा फिल्टर पुरेसा होता. पहिल्यांदा स्पंज तुंबला होता. दुसऱ्यांदा पाण्यातलं मीठ वाढलं होतं. तिसऱ्यांदा घरचे सगळे गणपतीला गावी गेले होते आणि शेजारच्या काकूंनी मायेपोटी पाच दिवसांत महिन्याभराचं खाद्य टाकीत घातलं होतं. तिसऱ्या फोनपर्यंत मात्र त्याने मला न विचारता एक फिल्टर घेऊनही टाकला होता. तो आजही माळ्यावर खोक्यात पडून आहे.

घरच्या आणि ओळखीपाळखीच्या मिळून असल्या डझनभर टाक्या मी निस्तरल्यात. सगळ्या ७५ ते १०० लिटरच्या. माल साधारण सारखाच: दोन क्लाउनफिश, एखादा गोबी, चार-दोन हर्मिट खेकडे, क्लीनर श्रिंप. मोठ्या रीफ, म्हणजे प्रवाळांच्या, टाक्यांचं शास्त्र वेगळं, ते इथे नाही.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढे वाचा.

- पाणी बदललं की दोन दिवस टाकी झकास, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काचेवर आणि वाळूवर तपकिरी पूड बसते.
- पाण्यावर तेलकट तवंग. बोटाने बाजूला केला तरी परत जुळतो.
- पहाटे दिवा लावायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, दुपारी मात्र काही झालंच नाही असे फिरतात. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट.
- फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदललाय. आधी सलग धार होती, आता गुळगुळ.
- नायट्रेट दर आठवड्याला वर चढतोय.
- स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप एक तर कोरडा ठणठणीत, नाहीतर रात्रीत भरून फरशीवर.
- वास. चांगल्या खाऱ्या टाकीला जवळ गेल्यावर किनाऱ्यावरच्या वाऱ्यासारखा हलका वास येतो. खोलीच्या दारातच जाणवत असेल, किंवा सडक्या अंड्यासारखा असेल, तर कुठेतरी गाळ कुजतोय.

टाकी दीड महिन्याच्या आतली असेल तर तपकिरी पूड आणि थोडा धुरकटपणा हा आजार नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, जिवाणूंचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा त्याचा नायट्रेट. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि कुठल्याही किमतीचा फिल्टर आणला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. या काळात मासे न वाढवणं एवढंच हातात असतं.

१. काल घरात काय झालं?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि तरी हेच विचारायचं राहून जातं.

बिघाड आठवड्याभरात हळूहळू आला की एका रात्रीत, हे आधी ठरवा. एका रात्रीत आला असेल तर फिल्टरला हात लावू नका, घरच्यांना विचारा. पेस्ट कंट्रोल झालं का? सोसायटीत डासांचा धूर मारला का? टाकीजवळ झुरळांचा स्प्रे, फिनाइल? डास-झुरळांच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड असतात आणि ती मासे, कोळंबी, खेकडे यांना फार विषारी. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, तेव्हा फवारणी दुसऱ्या कोपऱ्यात झाली तरी टाकी वाचत नाही. आधी श्रिंप आणि खेकडे आडवे झाले आणि मासे नंतर धापा टाकायला लागले, तर माझा पहिला संशय औषधावर. अशा वेळी खिडक्या उघडा, एअर पंप बंद करा, निम्मं पाणी बदला, फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (विष शोषणारा कोळसा) घाला. फवारणी ठरलेली असेल तर आदल्या दिवशी टाकीवर प्लास्टिक पसरून एअर पंपच गॅलरीत ठेवायचा.

बिघाड हळूहळू आला असेल तर पुढे.

२. काचेवरची चिकटपट्टी

पाण्याच्या पातळीवर काचेला बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावा. चोवीस तासांनी बघा पाणी किती खाली गेलंय.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं, आणि तरी दर तिसऱ्या टाकीत चूक इथेच सापडते. मेहुण्याचं तेच. "समुद्राचा मासा आहे, गोडं पाणी कसं घालू?" म्हणून तो रोज तांब्याभर खारं पाणी घालायचा.

हिशेब करून बघा. १०० लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे साडेतीन किलो मीठ आहे. आठवड्याला ६ लिटर उडालं आणि तेवढंच खारं पाणी भरलं, तर चार आठवड्यांत २४ लिटरचं ८४० ग्रॅम मीठ वाढलं. टाकी ३५ वरून ४३ च्या पुढे गेली. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मासे सुस्त, खेकडे कवचातून बाहेर येत नाहीत, आणि माणूस म्हणतो फिल्टर कमी पडतोय.

मोजायचं कशाने? काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. भरल्यावर टिचकी मारा, मिनिटभर थांबा, मग वाचा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून मीठ मोजणारा) असेल तर तो शुद्ध पाण्याऐवजी ३५ च्या तयार द्रावणावर जुळवा, कारण आपल्याला आकडा तिथला हवाय. नुसते मासे असतील तर विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२२ ते १.०२५ मध्ये कुठेही चालतं. तो आकडा आठवडाभर तसाच राहतोय ना, ते महत्त्वाचं.

मीठ वाढलेलं निघालं तर एका दिवसात खाली आणू नका. रोज दोन-तीन लिटर खारं पाणी काढून गोडं घालायचं, आठवडा लागला तरी चालेल.

३. स्पंज आणि धार

हातात एक लिटरचा जग घ्या आणि मोबाइलवर सेकंद लावा. फिल्टरची धार पूर्ण जगात पडेल असा धरा.

डोंबिवलीत एका मित्राच्या १०० लिटरच्या टाकीला जग भरायला २० सेकंद लागले. म्हणजे तासाला १८० लिटर. खोक्यावर लिहिलं होतं ६००. आम्ही कॅनिस्टरचं, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरचं, झाकण उघडलं. वरचा पांढरा फ्लॉस (गाळण्याचा कापूस) चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. त्याखालचा निळा स्पंज उचलला तर तो ओल्या भाकरीसारखा जड, दाबल्यावर काळपट पाणी निघालं आणि वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "नाल्याचं झाकण उघडलं का कुणी?" तळाला न खाल्लेले पेलेट अर्धवट विरघळून पडले होते. शेवटचं कधी धुतलं होतं? "दिवाळीच्या आधी." आम्ही बोलत होतो ते मार्चमध्ये. धुतल्यावर तोच जग ९ सेकंदांत भरला, म्हणजे तासाला ४००.

गाळ पंपाने ओढून स्पंजमध्ये नेला म्हणजे तो टाकीतून गेला असं वाटतं. पाणी मात्र त्याच गाळातून दिवसरात्र फिरत असतं आणि तो तिथेच कुजून नायट्रेट तयार होत राहतो. स्पंज बाहेर काढून धुवाल तेव्हाच घाण खरी बाहेर जाते. न धुतलेल्या फिल्टरपेक्षा फिल्टर नसलेली टाकी बरी, असं मी म्हणतो आणि लोक हसतात.

फ्लॉस दर तीन-चार दिवसांनी फेकून नवा. स्पंज आठवड्याला पिळून धुवायचा. सिरॅमिकच्या रिंगा असतील तर त्या टाकीतून काढलेल्याच खाऱ्या पाण्यात हलक्या हाताने विसळायच्या, कारण क्लोरीनच्या नळाखाली धरल्या तर जिवाणूही मरतील. सगळं एकाच दिवशी धुवू नका. एका दिवशी स्पंज, दुसऱ्या दिवशी रिंगा.

आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चक्र, बाहेर काढून बघा. त्याच्या पात्यांत मिठाचे खडे आणि शेवाळाचे धागे अडकतात. दात घासायचा जुना ब्रश पुरतो.

४. खाद्य

दोन क्लाउनफिशना दिवसातून एकदा, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढं. संपलं नाही तर जाळीने काढायचं. गोठवलेलं ब्राइन श्रिंप तसंच टाकू नका. चहाच्या गाळणीत वितळवा, ते पाणी सिंकमध्ये जाऊ द्या आणि गाळलेलं तेवढं टाकीत घाला.

गावी जाताना मी शेजाऱ्यांकडे डबा देत नाही. गोळ्यांच्या डबीत एकेका दिवसाच्या पुड्या भरून ठेवतो आणि डबा कपाटात बंद करतो. सुदृढ मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. काकूंना वाईट वाटतं, पण इलाज नाही.

५. मीठ कोणत्या पाण्यात कालवताय?

इथून थोडा खर्च सुरू होतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर आणा, स्वस्त असतो, इतर ठिकाणीही कामाला येतो.

"आम्ही आरओचंच पाणी वापरतो," हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. पिण्याच्या आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळणारी काडतूस किंवा टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो. नळाखाली मीटर धरला की ५०-८० आकडा येतो. आपल्याला पाहिजे शून्याच्या जवळ. पिण्याच्या मशिनच्या मेकॅनिकला मेम्ब्रेननंतर, खनिजांच्या आधी एक टी-जोड आणि छोटा नळ काढून द्यायला सांगा. त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडली की काम झालं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर काचेवरची तपकिरी पूड म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. त्यांची कवचं सिलिकाची असतात आणि बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यातून त्यांना सिलिकेट मिळत राहतो. नायट्रेट-फॉस्फेटही त्याच वाटेने येऊ शकतात. अशा पाण्याने दर आठवड्याला पाणी बदललं तर तुम्ही शेवाळाला खत घालताय.

मीठ वेगळ्या बादलीत कालवायचं, छोटा पंप सोडून रात्रभर फिरवायचं, सकाळी तापमान आणि मीठ मोजूनच टाकीत. थेट टाकीत मीठ टाकताना मी दोघांना पकडलंय. स्वयंपाकाचं मीठ वापरणारा अजून भेटला नाही, पण विचारणारे भेटलेत. ते चालत नाही, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं आणि त्यावर पीएच टिकतो.

मुंबईकरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: समुद्र दारात आहे, पाणी तिथूनच का आणू नये? शहराच्या किनाऱ्याला सांडपाणी येऊन मिळतं आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि कमी खारं होतं. नको.

६. टेस्ट किट

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. तिन्ही एकाच दिवशी. आधी बाटलीवरची मुदत बघा, आणि किटात खाऱ्या पाण्याचा रंगतक्ता वेगळा दिला असेल तर तोच वापरा.

अमोनिया दिसतोय: काहीतरी मेलंय किंवा जिवाणू मेलेत. खडकामागे टॉर्च मारून बघा, हरवलेला मासा किंवा गोगलगाय सापडते. पीएच ८.२ ला अमोनियाचा विषारी हिस्सा पीएच ७ च्या गोड्या टाकीच्या साधारण दहापट असतो, म्हणून गोड्या टाकीत "थोडा चालतो" म्हणणाऱ्याचा सल्ला इथे घेऊ नका. निम्मं पाणी आजच बदला.

फक्त नायट्राइट: घाबरू नका. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतो, त्यामुळे गोड्या टाकीत मासे मारणारा आकडा इथे बहुतेक वेळा निभावतो. साखळी अर्धवट बसलीय एवढाच त्याचा अर्थ.

फक्त नायट्रेट, आणि चढता: म्हणजे जिवाणू मजेत आहेत, तुमचा फिल्टर त्याचं काम चोख करतोय. त्याहून मोठा फिल्टर आणला तर नायट्रेट उतरणार नाही, कारण फिल्टरमधल्या साखळीचं शेवटचं टोक नायट्रेटच आहे. तो पाणी बदलून निघतो. तेही हिशेबाने: १० टक्के पाणी बदललं तर १० टक्केच नायट्रेट जातो. ४० आकडा असेल तर २० टक्क्यांचे तीन बदल करून ३२, साधारण २६, मग २० च्या आसपास येतो, तेही मधल्या दिवसांत नवा वाढला नाही तर. नुसते मासे असतील तर मी २० ते ४० ला डोक्याला ताप करून घेत नाही.

७. स्किमर असेल तर

स्किमर बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर चिकटणारी घाण फेसाबरोबर कपात ढकलतो. घाण कुजायच्या आधीच बाहेर जाते, म्हणून तो स्पंजपेक्षा वेगळा. पण लहरी.

नवा स्किमर पहिला आठवडा-दहा दिवस काहीच करत नाही किंवा उतू जातो. आतून बुळबुळीत थर बसला की ताळ्यावर येतो. रोज स्क्रू फिरवत बसू नका. कप कोरडा असेल तर हवेची नळी तपासा, तिच्या तोंडाशी मीठ जमतं. कोमट गोडं पाणी ओढू दिलं की उघडते. अचानक उतू जात असेल तर त्या दिवशी पाण्यात काय घातलं ते आठवा, क्लोरीन मारायचं द्रावण हे नेहमीचं कारण. पाण्याची पातळी दोन बोटं वरखाली झाली तरी फेस बदलतो, म्हणजे परत ती चिकटपट्टी.

एकदा एका घरी स्किमर रोज सकाळी बंद पडायचा आणि संध्याकाळी आपोआप सुरू व्हायचा. मी दोनदा उघडून जोडला. तिसऱ्या खेपेला सकाळी साडेसातला जाऊन बसलो. आजोबा आंघोळीनंतर डोक्याला खोबरेल चोपडून यायचे आणि त्याच हाताने माशांना भरवायचे. तेल फेस मोडतं. आजोबांना चिमटा आणून दिला.

८. दगड आणि प्रवाह

खाऱ्या टाकीत जिवाणूंचं खरं घर म्हणजे सच्छिद्र दगड. फिल्टरचं खोकं त्याला मदतनीस. दगडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो, तिथे थोडा नायट्रेटही वायू होऊन निघून जातो. पण पाणी दगडापर्यंत पोचलं तर. शोभेसाठी दगडांची भिंत मागच्या काचेला चिकटवून उभी केली की मागे गाळाचा ढीग साचतो.

१०० लिटरला १० ते १२ किलो दगड, हलका सच्छिद्र असेल तर कमी. मागे बोटभर जागा. टाकीतल्या पाण्याची एकूण हालचाल तासाला टाकीच्या १० ते २० पट हवी, ती एका छोट्या वेव्हमेकरने (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाने) होते. त्याचं तोंड किंचित वर, पृष्ठभाग थरथरेल असं. तवंग तिथेच तुटतो आणि ऑक्सिजन तिथूनच शिरतो. खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि ३० अंशांना सव्वासहाच्याही किंचित खाली. एप्रिल-मे मध्ये पहाटे मासे वर येतात ते यामुळे. पाण्यावर पंखा लावा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला गारवा देतो आणि पाणीही भराभर उडवतो. मुंबईच्या दमट हवेत फरक कमी पडतो.

दगड कुठून आणायचा, हेही सांगतो. मालवणला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावर पांढरं प्रवाळ दिसलं, तर तिथेच राहू द्या. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, आणि मेलेला तुकडा बाळगणंही गुन्ह्यात येतं. दुकानात कुणी "लाइव्ह रॉक, थेट समुद्रातून" म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. कारखान्यात केलेला सिरॅमिक किंवा सिमेंटचा दगड मिळतो. सिमेंटचा आठवडे भिजत ठेवून, पाणी बदलत, पीएच उतरल्यावरच टाकीत घ्यायचा.

९. एवढं करूनही फिल्टर घ्यायचाच असेल

आता माझी हरकत नाही.

७५-१०० लिटरच्या पहिल्या टाकीला मी डोळे मिटून मागे टांगायचा हँग-ऑन फिल्टर सुचवतो. धुवायला सोपा, नजरेसमोर असतो म्हणून धुतला जातो, आणि धार पडताना पाण्यात हवा मिसळते. घेताना तीन गोष्टी. एक, स्वतःचा फ्लॉस भरता येईल अशी मोकळी जागा, ठराविक काडतुसांची सक्ती नको. दोन, दुकानात पाणी भरून चालू करायला लावा, प्लग काढा, मिनिटभराने परत लावा. काही फिल्टर वीज परत आल्यावर पाणी ओढतच नाहीत, कोरडे घुरघुरत राहतात. दिवसा वीज जाणाऱ्या गावात अशा फिल्टरने टाकी संपते. तीन, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेला ११० व्होल्टचा फिल्टर माझ्या डोळ्यांदेखत जळलाय.

कॅनिस्टर शांत आणि देखणा, पण बंद डबा. कपाटात असतो, म्हणून डोंबिवलीचा प्रकार होतो. वर सांगितलंय तसा नेमाने उघडणार असाल तरच घ्या. वीज दोन-तीन तास गेली तर आतलं पाणी कुजकं होतं, ते फेकूनच पुन्हा चालू करा. चालू केल्यावर पहिली धार टाकीत जाऊ देणं म्हणजे विष ओतणं.

सम्प, म्हणजे खाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी, सगळ्यात चांगला, पण टाकीला भोक, खाली जागा आणि वीज गेल्यावर वरचं पाणी मावेल एवढी रिकामी उंची लागते. पहिल्या टाकीला नको. स्किमर: आठवड्याला १०-१५ टक्के पाणी इमानदारीने बदलणार असाल तर या मापात नाही घेतला तरी चालतं. वाळूखालची अंडरग्रॅव्हल जाळी अजून विकतात, घेऊ नका, तिच्याखालचा गाळ टाकी मोडल्याशिवाय निघत नाही. पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा नंतर बघू.

त्याच फेरीत बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र घ्याच. फिल्टरपेक्षा जास्त मासे त्याने वाचवलेत.

नवा फिल्टर लावला तरी जुना महिनाभर सोबत चालू ठेवा, म्हणजे जिवाणू नव्यात वस्तीला येतील. एका ओळखीच्याने जुना त्याच दिवशी काढून धुऊन ठेवला होता. आठ दिवसांनी अमोनिया.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, किंवा घरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखा पडायला लागला, तर हात बाहेर, मेन स्विच बंद, इलेक्ट्रिशियन. खारं पाणी गोड्यापेक्षा खूप चांगलं वीजवाहक असतं. एकेक प्लग काढून "बघतो कुठलाय" हा खेळ ओल्या हातांनी करू नका. बोर्ड टाकीच्या पातळीच्या वर असावा, आणि प्रत्येक वायर प्लगआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. पाणी बदलताना हीटर आधी बंद. उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो, आणि तडकलेला हीटर चिकटवायचा नसतो.

काचेच्या जोडावर पांढरी मिठाची रेघ वाढतेय, किंवा स्टँडचं प्लाय फुगलंय: तुमचं काम संपलं. १०० लिटरची टाकी दगड, काच, स्टँड धरून दीडशे किलोच्या घरात जाते. बाहेरून सिलिकॉन फासून पाण्याचा दाब थांबत नाही. मासे बादलीत हवेच्या नळीसह काढा, पाणी उतरवा आणि टाकी बनवणाऱ्याला बोलवा.

माशांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके किंवा सोनेरी धुळीचा थर दिसत असेल आणि श्वास जोरात असेल, तर तो परजीवी आहे. धुळीचा प्रकार दोन-तीन दिवसांत टाकी साफ करू शकतो. मत्स्यरोग जाणणारा पशुवैद्य किंवा मत्स्यशास्त्र शिकलेला माणूस गाठा, आणि तांब्याचं औषध मुख्य टाकीत ओतू नका. दगड ते शोषून घेतो, श्रिंप आणि खेकडे मरतात.

दोनदा निम्मं पाणी बदलूनही अमोनिया हटत नाही आणि मेलेलं काही सापडत नाही, तर बाटलीभर पाणी दुसऱ्या किटवर तपासून घ्या. बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि त्याच दिवशी न्या.